तुमचा प्रश्न मंत्र्यांपुढे कसा पोचतो : ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

ब्रिटनमध्ये आलेली आपली माणसं घर, बँकेचं खातं, जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नोंदणी, मुलांची शाळा ही कामं झपाट्याने उरकतात. आपला खासदार कोण, हे मात्र अनेकांना वर्षानुवर्षं ठाऊक नसतं. 'आपण व्हिसावर आलेली माणसं, आपलं कोण ऐकून घेणार' असं मनात घट्ट बसलेलं असतं. ते काढून टाका, कारण इथली पद्धत तशी नाही. तुमचा पत्ता ज्या मतदारसंघात येतो, तिथले खासदार तुमचे. हाऊस ऑफ कॉमन्सच्या, म्हणजे पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहाच्या, ६५० खासदारांपैकी ते कोण, हे पार्लमेंटच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की कळतं. तुम्ही नागरिक आहात का, मत कुणाला दिलंत, यावर त्यांची मदत अवलंबून नसते. पत्ता मात्र ऑफिस हमखास विचारतं, कारण दुसऱ्याच्या मतदारसंघातल्या माणसाचं काम हाती घ्यायचं नाही, असा खासदारांचा आपसातला शिरस्ता आहे.

मताचं म्हणाल, तर तोही हक्क तुम्हाला आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येतं आणि १८ वर्षं पूर्ण झाली की पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. विद्यार्थ्यांनीही नाव नोंदवावं. १८९२ साली दादाभाई नौरोजी लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून अवघ्या पाच मतांनी निवडून आले, आणि भारताच्या कारभाराचा प्रश्न त्यांनी थेट कॉमन्समध्ये मांडला. पाच मतं एका कुटुंबातही असतात.

आता मुद्द्याकडे. खासदार तुमच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी करू शकतात आणि नवीन माणसाची गल्लत इथेच होते. तुमचा व्हिसाचा अर्ज अडकलाय, पेन्शन किंवा कराच्या कागदात चूक झालीय, तर खासदारांचं ऑफिस संबंधित खात्याला पत्र लिहितं. ते तुमच्या एकट्याचं काम. पण तीच अडचण शेकडो जणांना येत असेल, तर पत्राने तुमची फाइल हलेल आणि बाकीचे तिथेच राहतील. तिथे मंत्र्यांना पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला जायला हवा. म्हणून खासदारांना लिहिताना दोन्ही मागा: माझ्या कामासाठी पत्र, आणि धोरणाबद्दल प्रश्न. दुसरी गोष्ट आपण मागतच नाही, आणि मला सगळ्यांत कळकळीने सांगायचंय ते हेच.

विधानसभेतले तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना बातम्यांत ऐकत वाढलेल्यांना इथली रचना परकी वाटणार नाही. सोमवार ते गुरुवार कामकाजाच्या सुरुवातीला साधारण तासभर तोंडी प्रश्न असतात. खात्यांच्या पाळ्या लावलेल्या असतात. आरोग्य, गृह, शिक्षण अशा एकेका मोठ्या खात्याची पाळी साधारण पाच आठवड्यांनी येते. कुणाचे प्रश्न यादीत येणार, ते सोडतीने ठरतं. ज्यांचा प्रश्न लागला ते खासदार उभे राहून फक्त क्रमांक सांगतात, कारण प्रश्न आधीच छापलेला असतो. मंत्री तयार उत्तर वाचतात. कसोटी लागते ती पुढच्या मिनिटाला. खासदार उपप्रश्न विचारतात आणि तो मंत्र्यांना आधी माहीत नसतो. त्याच्याच तयारीसाठी खात्याने करून दिलेलं जाडजूड फोल्डर समोर ठेवून मंत्री उभे असतात. इतर खासदार एकेका उत्तरानंतर जागेवरून उठतात, बसतात, पुन्हा उठतात, अध्यक्षांची नजर आपल्याकडे वळावी म्हणून. पार्लमेंटच्या वेबसाइटवर हे सगळं थेट दिसतं. एकदा तुमच्या कामाशी संबंध असलेल्या खात्याचा तास पूर्ण बघा.

बुधवारी दुपारी १२ वाजता पंतप्रधानांचा अर्धा तास असतो, त्यात विरोधी पक्षनेत्यांचे सहा प्रश्न. बातम्यांत दिसतो तो बहुधा एवढाच भाग. गॅलरीत बसून बघायचा असेल तर खासदारांकडे तिकीट मागता येतं, पैसे पडत नाहीत. जरूर बघा, पण तुमच्याआमच्या अडचणींची उत्तरं तिथे क्वचितच निघतात.

ती निघतात लेखी प्रश्नांतून. याबद्दल सविस्तर सांगतो, कारण सामान्य माणसाच्या हाताला लागणारं हेच सगळ्यांत धारदार साधन आहे. खासदार लेखी प्रश्न दाखल करतात आणि मंत्र्यांच्या नावाने लेखी उत्तर येतं. साध्या लेखी प्रश्नाला सात दिवसांत उत्तर द्यावं असा संकेत आहे. ठरावीक तारखेला उत्तर हवं असेल तर तशी तारीख घालूनही विचारता येतं. मग किमान तीन कामकाजाच्या दिवसांची सूचना लागते आणि असे प्रश्न एका खासदाराला दिवसाला पाचच विचारता येतात. उत्तर वेबसाइटवर प्रसिद्ध होतं आणि तारखेसह कायमचं दप्तरी राहतं. पुढे वकील, पत्रकार, दुसरे खासदार ते उचलून वापरतात. मंत्र्यांनी पार्लमेंटची जाणूनबुजून दिशाभूल केली तर राजीनामा द्यावा, अशी मंत्र्यांच्या आचारसंहितेची अपेक्षा आहे. त्यामुळे उत्तरातला शब्दन् शब्द खात्यात तपासूनच बाहेर पडतो.

पण प्रश्न कसा विचारला यावर उत्तर अवलंबून असतं. ईव्हिसाचं उदाहरण घेऊ. बहुतेक बीआरपी कार्डांची (इथे राहण्याच्या परवान्याची कार्डं) मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली आणि राहण्याच्या हक्काचा पुरावा ऑनलाइन खात्यात गेला. समजा तुमच्या खात्यात नाव किंवा मुदत चुकीची दिसतेय आणि घरमालक, कंपनी, विमानतळावरचा काउंटर, सगळीकडे अडवणूक होतेय. आता खासदारांनी असं विचारलं, की 'ईव्हिसातल्या अडचणी दूर करण्यासाठी सरकार कोणती पावलं उचलत आहे?' तर उत्तर येणार: सरकार यात सतत सुधारणा करत असून मदतकेंद्र उपलब्ध आहे. हाती काही लागलं नाही. त्याऐवजी हे बघा: 'ईव्हिसाच्या खात्यात चुकीची माहिती दिसत असल्याच्या किती तक्रारी गेल्या बारा महिन्यांत होम ऑफिसकडे (गृहखात्याकडे) आल्या, आणि त्यांतल्या किती तीस दिवसांच्या आत निकाली निघाल्या?' इथे खात्याला एकतर आकडा द्यावा लागतो, नाहीतर आकडा ठेवत नाही असं लिहून द्यावं लागतं. दुसरं उत्तरही हातचं सोडायचं नाही. ज्या व्यवस्थेबद्दलच्या तक्रारींची मोजदादच खातं ठेवत नाही, ती व्यवस्था नीट चालली आहे असं म्हणायला त्याच्याकडे आधार उरत नाही, आणि पुढचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

एक पळवाट आधीच माहीत असू द्या. माहिती गोळा करायला ८५० पौंडांपेक्षा जास्त खर्च येणार असेल तर खर्च अवाजवी आहे असं सांगून खातं नकार देऊ शकतं. म्हणून दहा वर्षांची, जिल्हावार, वयोगटवार माहिती एका दमात मागू नका. एक वर्ष, एक गोष्ट, एक आकडा.

खासदारांना पाठवायच्या ईमेलमध्ये नाव, पूर्ण पत्ता, पोस्टकोड आणि सरकारी खात्याने दिलेला संदर्भ क्रमांक घाला. काय घडलं ते तारखांसह दहा ओळींत लिहा. तुमच्या वतीने खात्याशी बोलायला हरकत नाही असं स्पष्ट लिहून द्या. मग शेवटी, सुचवलेला प्रश्न वर दाखवला तसा तयार करून जोडा. खासदारांकडे माणसं मोजकी आणि टपाल ढीगभर. तयार प्रश्न आयता मिळाला तर तो दाखल होण्याची शक्यता नक्कीच वाढते. शेकडो लोक तोच मजकूर चिकटवून पाठवतात तशी ईमेल पाठवू नका, तिला छापील उत्तर येतं. जमलं तर सर्जरीत प्रत्यक्ष भेटा. सर्जरी म्हणजे खासदारांची मतदारसंघातल्या लोकांना भेटायची ठरलेली वेळ. बऱ्याच ठिकाणी आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे जुलैअखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत, सभागृह बंद असतं. प्रश्नाचं काम त्याआधी काढा.

गोष्ट पेटलेली असेल तर तातडीचा प्रश्न विचारतात. अध्यक्षांनी परवानगी दिली की त्याच दिवशी खात्याच्या मंत्र्याला सभागृहात उभं राहावं लागतं. याची ताकद किती, हे परदेशातून आलेल्या प्रत्येकाने विंडरशच्या प्रकरणातून समजून घ्यावं. १९७३ च्या आधी कॅरिबियन बेटांवरून आणि राष्ट्रकुलातल्या इतर देशांतून कायदेशीर मार्गाने आलेली माणसं, आयुष्य इथेच काढलेली. पण हातात कागद नव्हता. नियम कडक होत गेले तशा त्यांच्या नोकऱ्या गेल्या, घरं गेली, उपचार नाकारले गेले, काहींना डांबलं, काहींना देशाबाहेर काढलं. १६ एप्रिल २०१८ रोजी टॉटनहॅमचे खासदार डेव्हिड लॅमी यांनी तातडीचा प्रश्न विचारला आणि गृहमंत्री अँबर रड यांना सभागृहात माफी मागावी लागली. २५ एप्रिलला रड गृहखात्याच्या सिलेक्ट कमिटीपुढे, म्हणजे खात्याच्या कामावर नजर ठेवणाऱ्या खासदारांच्या समितीपुढे, बसल्या. कमिटीच्या अध्यक्षपदी खासदार इव्हेट कूपर होत्या. माणसं बाहेर काढायची काही उद्दिष्टं ठरवलेली आहेत का, असा प्रश्न आला. तशी नाहीत, असं रड म्हणाल्या. उद्दिष्टं होती हे पुढच्या काही दिवसांत उघड झालं. कमिटीची अनवधानाने दिशाभूल झाली असं मान्य करून २९ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्या माणसांची दखल अशी घेतली गेली, आणि २०१९ मध्ये भरपाईची योजना सुरू झाली. त्या योजनेच्या संथपणावरही कमिट्यांना नंतर प्रश्न विचारावे लागले. एका राजीनाम्याने काम संपलं नाही.

या सिलेक्ट कमिट्या १९७९ पासून खातेनिहाय आहेत. सभागृहात उपप्रश्नाला मंत्री शब्दांची कसरत करून निसटू शकतात. कमिटीत नालाच्या आकाराच्या टेबलापलीकडे बसलेले खासदार तोच प्रश्न तिसऱ्यांदा, चौथ्यांदा विचारतात आणि शेजारी खात्याचे अधिकारीही बसलेले असतात. कमिटी एखादा विषय चौकशीला घेते तेव्हा लेखी निवेदनं मागवते, आणि ती कुणीही पाठवू शकतं. तुम्हीसुद्धा. व्हिसावर आहात म्हणून अडत नाही. कमिटीच्या अहवालाला सरकारने दोन महिन्यांत उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते.

कुठला प्रश्न कुणाचा, हे मात्र आधी बघा. कचरा, काउन्सिल टॅक्स, सरकारी शाळांतले बरेचसे प्रवेश काउन्सिलकडे, त्यासाठी नगरसेवक. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये आरोग्य आणि शालेय शिक्षण तिथल्या सरकारांकडे, म्हणून प्रश्नही तिथल्या सभागृहात जायला हवा. व्हिसा आणि इमिग्रेशन मात्र सगळीकडे वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनच्या पार्लमेंटच्या, अखत्यारीत.

उत्तर आलं की ते दोनदा वाचा. विचारलेलं आणि सांगितलेलं एकच आहे का, हे पाहा. वर्ष बदललंय का, 'अर्ज' विचारले होते आणि 'निर्णय' मोजलेत का, तपासा. फरक सापडला तर तो एका वाक्यात दाखवून खासदारांना पुन्हा लिहा आणि पुढचा प्रश्न सोबत द्या. तीच माहिती तुम्ही स्वतः माहितीच्या अधिकारातही मागू शकता. तिथे २० कामकाजाच्या दिवसांची मुदत आहे. आणि खात्याकडे रीतसर तक्रार करूनही अन्याय तसाच राहिला, तर पार्लमेंटच्या ओम्बड्समनकडे (सरकारी खात्यांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे) प्रकरण खासदारांमार्फत जातं. त्यासाठी सुरुवातीपासूनची सगळी पत्रं आणि उत्तरं तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून ठेवा.