नाणी निवडायचं-मोजायचं जुनं हातमशीन: या चुका टाळा

चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या खंडोबाची दानपेटी उघडली. सतरंजीवर चिल्लरीचा ढीग, भोवती आठ-दहा माणसं आणि मधोमध माझं हँडलचं मशीन. मोठ्या कौतुकानं नेलं होतं मी. मशीननं १ रुपयाची म्हणून ८०० नाणी मोजली. गुरवकाकांनी त्यातली मूठभर नाणी हातात घेतली, बोटांनी चाळवली आणि म्हणाले, "दादा, मशीन खोटं बोलायलंय."

हातानं परत मोजलं तेव्हा त्या ८०० मध्ये १९२ नाणी २ रुपयांची निघाली. काकांनी हटकलं नसतं तर देवाच्या हिशेबात १९२ रुपये कमी पडले असते, आणि ते कुणाच्या नावावर गेले असते हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

मशीन खोटं बोलत नव्हतं. त्याला किंमत कळत नाही, माप कळतं. माझं दुकान शिलाई मशीन आणि तराजू दुरुस्तीचं आहे. भंगारात सापडलेली, देवस्थानानं कधीकाळी घेतलेली, नाहीतर एखाद्या नाणीशौकिनानं उचललेली ही हातमशीनं अधूनमधून माझ्याकडं येतात. दहातली आठ बिघडलेली नसतात, त्यांना चुकीचं काम दिलेलं असतं.

पहिली आणि सगळ्यात महागाची चूक: एका नाण्याचं एकच माप असतं असं समजणं

निवडायच्या मशीनचं काम सोपं असतं. नाणं कडेवर उभं राहून उतरत्या पट्टीवरून घरंगळत जातं. पट्टीच्या बाजूला खिडक्या असतात, आधी लहान, मग मोठ्या. ज्या खिडकीत नाणं मावतं तिथं ते पडतं. दुसरा प्रकार चाळण्यांचा: एकाखाली एक भोकांच्या थाळ्या, वरच्या थाळीवर मोठी नाणी अडकतात, बारीक खाली जातात. आपण हरभरा चाळतो तसंच.

ही युक्ती ज्या देशांत रुजली तिथं नाणी पिढ्यानपिढ्या बदलत नव्हती. इंग्लंडची काशाची पेनी १८६० पासून १९७१ मध्ये बंद होईपर्यंत एकाच मापाची राहिली. आजोबानं घेतलेलं मशीन नातवालाही चालायचं. आपला रुपया बघा. १९६२ चा २८ मिमी, १९८३ पासून २६, १९९२ पासून २५, २०११ मध्ये २२ आणि २०१९ मध्ये २० मिमी. साठ वर्षांत रुपया नुसता स्वस्त झाला नाही, अंगानंही सुकत गेला.

हे नुसतं लहान होणं असतं तरी भागलं असतं. घोटाळा असा की एकाच मापात वेगवेगळी नाणी येऊन बसली. २५ मिमीच्या खिडकीत १९९२ ते २०११ मधला स्टीलचा रुपया पडतो, २०११ नंतरचं २ रुपयांचं नाणं पडतं आणि २०१९ च्या मालिकेतलं ५ रुपयांचंही पडतं. २३ मिमीच्या खिडकीत जुने सगळे ५ आणि २०१९ चे २. २७ मिमीत १० रुपये, २० रुपये आणि २००५ नंतरचे मोठे स्टीलचे २.

२० रुपयांची तर आणखी गंमत. बारा बाजू असल्यामुळं कोनापासून कोनापर्यंत आणि सपाट बाजूपासून सपाट बाजूपर्यंत मोजलं तर जवळपास १ मिमीचा फरक पडतो. नाणं घरंगळताना खिडकीसमोर कोणत्या बाजूनं आलं त्यावर त्याचं नशीब. ब्रिटिशांनी १९६९ मध्ये सात बाजूंचं ५० पेन्सचं नाणं काढलं, तेव्हा बाजूंना थोडी गोलाई दिली. कुठूनही मोजा, रुंदी तीच. म्हणून ते मशीनमध्ये गोल नाण्यासारखंच चालतं. सम बाजूंच्या नाण्याला ही सोय करता येत नाही.

मग करायचं काय? आधी लोहचुंबक फिरवा. स्टीलची नाणी चिकटतात, पिवळी आणि जुनी तांबे-निकेलची चिकटत नाहीत. त्यामुळं २५ मिमीतले ५ रुपये आणि २३ मिमीतले स्टीलचे २ वेगळे काढायला मदत होते. पण २००७ चे स्टीलचे ५ रुपयेही चुंबकाला चिकटतात आणि तेही २३ मिमीचेच, तेव्हा त्या ढिगावर एकदा नजर टाकावीच लागते.

आणि २५ मिमीचा जुना रुपया नि २०११ चे २ रुपये? दोन्ही स्टीलचे, दोन्ही २५ मिमी, दोन्ही ४.८५ ग्रॅम. मशीन, चुंबक, तराजू, तिघंही इथं हात टेकतात. नाण्यावरचा आकडा आणि २०११ पासूनच्या नाण्यावरची ₹ ही खूण, ओळख तेवढीच, आणि ती डोळ्यांनीच पटवायची. माझे १९२ रुपये इथंच गेले होते.

"निजामाच्या काळातलं हाय" यावर विश्वास ठेवणं

हौशी माणसांची ही चूक, आणि मी स्वतः केलेली. बाजारात एका भंगारवाल्याकडं ओतीव लोखंडाचं, हिरव्या रंगाचं मशीन दिसलं. त्यानं खिशातून चांदीचा रुपया काढला, पट्टीवर सोडला. रुपया बरोबर मोठ्या खिडकीत पडला. "बघा मालक, निजामाच्या खजिन्यातलं." मी पैसे मोजून मोकळा.

घरी येऊन व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावलं. मोठी खिडकी ३१ मिमीच्या आसपास. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया ३०.५ मिमीचा, आणि इंग्लंडची पेनी ३०.८ मिमीची. बाकीच्या खिडक्या साडेएकोणीस, साडेतेवीस, साडेअठ्ठावीस: सहा पेन्स, शिलिंग, फ्लोरिन, सगळी इंग्लंडची जुनी नाणी. मशीन विलायतेतलं, पेनी मोजणारं. आपला रुपया पाहुणा म्हणून आत शिरला होता.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. आपला जुना आणा कंगोऱ्याच्या कडेचा होता, १९१८ पासूनचं तांबे-निकेलचं दोन आण्याचं नाणं चौकोनी. चौकोनी नाणं पट्टीवर घरंगळेल कसं? तेव्हा "आणे निवडणारं घसरपट्टीचं मशीन" म्हणून कुणी काही दाखवलं तर आधी खिडक्या मोजा. १६ मिमीची खिडकी असेल तर ती नव्या पैशाची असण्याची शक्यता जास्त, म्हणजे १ एप्रिल १९५७ नंतरचं मशीन.

हाली आणि कलदारचा घोळ तर आमच्या आज्या-पणज्यांनी रोज निस्तरला. निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजांचा कलदार दोन्ही बाजारात फिरायचे. ७ हाली म्हणजे ६ कलदार असा हिशेब. 'कल' म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला तो कलदार. दोन्ही चांदीचे रुपये हातात जवळपास सारखेच, पण कलदार ११.६६ ग्रॅमचा आणि हाली ११.१८ ग्रॅमच्या आसपास. मापाच्या मशीनचं इथं काम नव्हतं, सराफाच्या काट्याचं होतं. बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर विल्यम कॉटन यानं १८४० च्या दशकात सॉव्हरिन या इंग्लंडच्या सोन्याच्या नाण्यासाठी आपोआप चालणारा काटा बनवला, तोही याच गरजेतून. नाणं वजनात भरलं तर एका बाजूला, झिजून हलकं झालं तर दुसऱ्या बाजूला.

आपल्याकडची युक्ती त्याहून साधी. त्रावणकोरमध्ये चक्रम नावाचं इवलंसं चांदीचं नाणं होतं. ते मोजायला लाकडी फळी असायची, तिच्यावर नाण्याच्या मापाचे खळगे ओळीनं कोरलेले. मूठभर नाणी टाकायची, फळी हलवायची, प्रत्येक खळग्यात एक बसतं, जास्तीची हातानं लोटून द्यायची. दांडी नाही, स्प्रिंग नाही, बिघडणार काय? आजही एकाच मापाची नाणी असतील तर सुताराकडून १०० खळग्यांची फळी करून घ्या, माझ्याकडं मशीन आणायची गरज नाही. (हे माझ्या धंद्याच्या विरोधात आहे, तरी सांगतो.)

भंडारा, कुंकू, तेल यांच्यासकट नाणी आत ओतणं

खंडोबाची पेटी म्हणजे भंडारा आलाच. तुळजापूरच्या वाटेवरच्या गावांत कुंकू. मारुतीच्या पेटीत शनिवारचं तेल. हळदीची पूड तेलात मिसळली की मोजायच्या मशीनच्या फिरत्या तबकडीखाली लगदा होतो आणि वाळल्यावर लाकडाच्या भेगा भरायच्या लांबीसारखा घट्ट बसतो. मग माणूस हँडलवर जोर करतो, पितळी दात वाकतो, आणि मशीन माझ्याकडं येतं.

नाणी आधी गव्हाच्या चाळणीत हलवा. मग जुन्या धोतराच्या फडक्यावर घेऊन दोन्ही टोकं धरून घोळवा. तेलकट असतील तर कोरड्या भुश्श्यात. ओली असतील तर उन्हात. चिंचेच्या पाण्यात टाकू नका. चिंचेनं चकाकी येते, पण जुनं नाणं असेल तर शौकीन त्याला हातही लावत नाही. चांदीचं, भोकाचं, उर्दू अक्षरांचं काही दिसलं तर ते चाळायच्या आधीच बाजूला काढा.

"थोडं तेल सोडलं की झालं"

तेल फक्त फिरणाऱ्या दांड्याच्या दोन्ही टोकांना, शिलाई मशीनचं, एक-एक थेंब. नाणं ज्या वाटेनं जातं तिथं एक थेंबही नको. घसरपट्टीवर तेल लागलं की नाणं चिकटून रेंगाळतं, तबकडीच्या रबरावर लागलं की रबर फुगतं आणि नाण्याची पकड सुटते. खोबरेल तर कुठंच नको. थंडीत ते थिजतं, नंतर डिंकासारखं होतं.

हँडल गरागरा फिरवणं आणि चाडं गच्च भरणं

मोजायच्या मशीनला नाणी ओतायला वर पेरणीच्या तिफणीच्या चाड्यासारखं तोंड असतं, मीही त्याला चाडंच म्हणतो. नाणी खाली फिरत्या तबकडीवर पडतात, फिरण्याच्या जोरानं कडेला सरकतात आणि एका अरुंद फटीतून एकामागं एक बाहेर निघतात. बाहेर पडताना प्रत्येक नाणं एका दातेरी चक्राचा एक दात ढकलतं. एक दात, एक आकडा.

त्या फटीला दोन मापं असतात. रुंदी नाण्याच्या व्यासाएवढी, आणि उंची एका नाण्याच्या जाडीपेक्षा जरा जास्त पण दोन नाण्यांपेक्षा कमी. १९९२ चं जाडजूड ५ रुपयांचं नाणं मोजून झालं आणि उंची न बदलता २०१९ चे पातळ रुपये टाकले, तर एकावर एक अशी दोन नाणी निसटतात. मोजणी कमी भरते. उलट हँडल जोरात फिरवलं तर दातेरी चक्र स्वतःच्या वेगानं एखादा दात पुढं जातं, नाणं नसताना आकडा वाढतो. कधी जास्त, कधी कमी येत असेल तर दोष स्प्रिंगमध्ये शोधण्याआधी आपल्या हातात शोधा. जात्यावर दळताना जी लय लागते ती लय. चाडं अर्ध्यापर्यंतच भरा.

अडकलं तर जोर नको. हँडल अर्धा फेरा उलटं फिरवा, चाडं रिकामं करा, बांबूच्या काडीनं नाणं काढा. स्क्रू ड्रायव्हरनं पितळेवर ओरखडा पडला की पुढं प्रत्येक नाणं तिथंच अडखळतं.

घसरपट्टीचं मशीन असेल तर बैठक सपाट हवी. देवळाचा ओटा पाणी निघावं म्हणून उतारावरच बांधलेला असतो, आणि मशीन नेमकं तिथंच ठेवतात. उतार वाढला की नाणं धावतं आणि आपली खिडकी ओलांडून पुढं जातं. खाली आगपेटीचं पुठ्ठं सरकवून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

कानस चालवणं

खिडकीत नवं नाणं बसत नाही म्हणून कानशीनं ती मोठी करणारे भेटतात. जुनी पट्टी एकदा घासली की मशीन कोणत्या नाण्यांचं होतं ही ओळखच पुसली जाते, आणि नवं नाणंही पुढच्या मालिकेत बदलणारच. नवी पत्र्याची पट्टी कापून वरून बसवा, जुनी तशीच जपा. तारेचा ब्रश आणि ऑइलपेंटचंही तेच. मशीनवरची जुनी अक्षरं गेली की उरतं ते किलोच्या भावाचं लोखंड.

आकडा बघून पिशवी बांधणं

रिझर्व्ह बँकेनं बँकांना चिल्लर स्वीकारायला सांगितलंच आहे, आणि १००-१०० ची पिशवी केली तर दोघांचंही काम सोपं. पण पिशवी बांधण्याआधी मशीनची परीक्षा घ्या: हातानं १०० नाणी मोजा, मशीनमधून तीनदा काढा, तिन्ही वेळा १०० आलं पाहिजे. मग किराण्याच्या काट्यावर टाका. २०११ चे १०० रुपये ३७९ ग्रॅम, २३ मिमीची पिवळी ५ ची १०० नाणी ६०० ग्रॅम, २०११ च्या मालिकेतली १० ची १०० नाणी ७७१ ग्रॅम. एका नाण्याएवढं वजन कमी भरलं तर एक नाणं कमी आहे किंवा दुसऱ्या मालिकेचं घुसलं आहे.

मोजून झाल्यावर एक ढीग उरतोच. त्यात कुणीतरी "चालत नाही" म्हणून देवाला वाहिलेली १० रुपयांची नाणी असतात. ती चालतात. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच १४ वेगवेगळ्या नक्षींची नाणी खरी असल्याचं सांगितलं आहे, आणि मशीनला तर नक्षी दिसतच नाही. २५ पैसे आणि त्याखालची ३० जून २०११ पासून बंद, ती शौकिनांना द्या. ५० पैसे अजून कायद्यानं चालू आहेत, दुकानदार काहीही म्हणो. आमच्याकडं २५ मिमीचा सगळा ढीग आता गुरवकाकांपुढं जातो, बाकीचा माझ्यापुढं. आणि दरवर्षी पेटीत चार-दोन लोखंडी वॉशर निघतात, २२ मिमीच्या खिडकीत बिनबोभाट पडतात. ते मी दुकानात घेऊन येतो, कामाला येतात.