नॉर्वेजियन डिस्को मिक्स करताना

ऑस्लोच्या संगीतकार-डीजे टॉड तेर्येचं नाव आधी जुन्या डिस्को गाण्यांच्या एडिट्समुळे (डीजेंना वाजवायला सोयीचे करून नव्याने कापले-जोडलेले ट्रॅक) डीजेंमध्ये पसरलं. २०१२ च्या ‘इट्स द आर्प्स’ या छोट्या रेकॉर्डमधले सगळे आवाज त्याने आर्प २६०० या एकाच सिंथेसायझरवर घडवले आणि २०१४ मध्ये पहिला अल्बम आला. त्याचा ट्रॅक जुन्या डिस्कोला जोडायचा, तर आधी एडिटचं काम शिका.

जुन्या रेकॉर्डवर ड्रमर हाडामांसाचा असतो. ११६ बीपीएमने (मिनिटाला ठोके) सुरू झालेलं गाणं कोरसमध्ये ११८ वर जातं, आणि मिक्स तिथेच घसरतं. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दर चार बारच्या (एक बार म्हणजे चार ठोके) पहिल्या ठोक्यावर मार्कर, म्हणजे ठोक्याची जागा पक्की करणारी खूण, लावा. प्रत्येक ठोक्यावर लावलात तर वादकाच्या ठेक्यातली नैसर्गिक लवचिकता मरते. ही चूक फार जण करतात.

आता वेग जुळवा. ११६ वरून १२० ला न्यायला पिच (डीजे यंत्रावरचं वेगाचं नियंत्रण) साधारण ३.४ टक्के वाढवावा लागतो. गायन असेल तर की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) लावा, पण कान देऊन ऐका: काही वेळा त्याने किकची (मोठ्या ड्रमच्या ठोक्याची) धार बोथट होते.

नवा ट्रॅक बेस (खालचे, जड आवाज) पूर्ण कापूनच आत आणा. ३२ बारचं मिक्स १२० बीपीएमला ६४ सेकंद चालतं. सतराव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर आधीच्या ट्रॅकचा बेस काढा, त्याच क्षणी नव्याचा द्या. दोन्ही बेस एकत्र वाजले की क्लबच्या सबवूफरवर नुसता गढूळ गडगडाट उरतो. हेडफोनवर तो कळतही नाही.