डेटा लॉगरला रिले लावायचे की सॉलिड-स्टेट? आधी मल्टिमीटर काढा

डेटा लॉगर अनेक सेन्सरची रीडिंग पाळीपाळीने घेऊन साठवतो, आणि एकेक सेन्सर, म्हणजे चॅनल, मोजणीला जोडायला स्विच लागतो: कॉइलने कॉन्टॅक्ट हलवणारा रिले किंवा सेमीकंडक्टरचा सॉलिड-स्टेट. सॉलिड-स्टेटमध्ये हलणारा भाग नाही, म्हणजे झिजत नाही, म्हणजे तेच चांगलं, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी तापलेल्या भट्टीवर सोळा थर्मोकपल (तापमानाप्रमाणे मिलिव्होल्ट देणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) लावून रात्रभर लॉग क्वचितच घेतलेला असतो. उलट 'रिले म्हणजे रिले, डोळे मिटून लावा' म्हणणारेही तेवढेच आहेत. दोघांना सोडा आणि या क्रमाने जा.

१. यादी करा
प्रत्येक चॅनलसमोर चार गोष्टी लिहा: व्होल्टेज किती, सोर्सचा रेझिस्टन्स किती, रीडिंग किती सेकंदांनी पाहिजे, आणि ती वायर कुठल्या धातूला किंवा अर्थला टेकलीय का. शेवटचा रकाना लोक हमखास रिकामा ठेवतात.

२. हीटरवाला एसएसआर (सॉलिड-स्टेट रिले) बाजूला ठेवा
पॅनलमध्ये हीटर चालवतो तो चौकोनी एसएसआर इथे चालत नाही. आत ट्रायक किंवा एससीआर (मेन्सची एसी स्विच करणारे सेमीकंडक्टर) असतो, त्याच्यावरच व्होल्टभर ड्रॉप होतो, मिलिव्होल्ट त्यातून जाणार कसे? आपल्या कामाचे सॉलिड-स्टेट प्रकार दोनच, ४०५१ सारखी सीमॉस अ‍ॅनालॉग मक्स चिप (अनेक चॅनलांपैकी एक निवडून पुढे जोडणारी) आणि फोटोमॉस (आतल्या एलईडीच्या उजेडाने चालू होणारा स्विच).

३. चॅनल-चॅनलमधलं व्होल्टेज मोजा
मी सगळ्यात जास्त डोकं इथेच आपटलंय, म्हणून सविस्तर लिहितो. के टाइप थर्मोकपल ९०० डिग्रीला जेमतेम ३७ मिलिव्होल्ट देतं, त्यामुळे वाटतं की मिलिव्होल्टच तर स्विच करायचेत, ५ व्होल्टवरची साधी चिप पुरे. पण ती दोन्ही टोकं मिळून लॉगरच्या ग्राउंडपासून किती वर बसलीत हे कोण बघतं? ग्राउंडेड जंक्शन म्हणजे टोक शीथला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या नळीला, वेल्ड केलेलं, शीथ भट्टीच्या बॉडीला टेकलेली, आणि आतली रिफ्रॅक्टरी वीट थंड असताना मस्त इन्सुलेटर असते पण तापली की थोडी थोडी लीकेज द्यायला लागते, मग हीटरची एसी त्या वाटेने थर्मोकपलवर चढते, अर्थिंग ढिलं असेल तर विचारूच नका. सकाळी थंड भट्टीवर टेस्ट केली की सगळं छान आणि संध्याकाळी ८५० ला पोचली की आकडे नाचायला लागतात.

सीमॉस चिपला सिग्नल तिच्या सप्लायच्या आत लागतो, ५ व्होल्टवर चालवली तर शून्य ते ५, बस. एक चॅनल त्याच्या बाहेर गेलं की आतले प्रोटेक्शन डायोड चालू होतात, करंट चिपच्या पोटात शिरतो आणि उरलेल्या सात चॅनलचं रीडिंगही बिघडतं. मग माणूस दिवसभर चांगल्या चॅनलच्या वायरी बदलत बसतो आणि दोषी चॅनल भलतंच असतं.

तर मोजायचं कसं: भट्टी पूर्ण तापलेली, हीटर चालू, मल्टिमीटर एसीवर, एक प्रोब थर्मोकपलच्या टोकाला, दुसरा लॉगरच्या ग्राउंडला. मग दोन चॅनलांच्या मध्ये. मग हेच सगळं डीसीवर. हात जपून, २३० व्होल्ट आहेत असं समजूनच हात लावायचा. आकडा व्होल्ट-दोन व्होल्टच्या आत असेल तर सीमॉस खुशाल लावा, पण एडीजी ४०९ सारखी दोन्ही वायरी स्विच करणारी घ्या आणि सिग्नल दोन्ही बाजूंनी मावेल असा प्लस-मायनस सप्लाय द्या. दहा-वीस व्होल्ट दिसले तर वाद संपला, दोन पोलचा (दोन्ही वायरी एकदम स्विच करणारा) रिले किंवा चॅनलमागे दोन फोटोमॉस. एक पोल वाचवून सगळ्या मायनस वायरी एकत्र बांधायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, भट्टीच्या दोन टोकांमधला करंट मग तुमच्या बारीक थर्मोकपल वायरीतून फिरतो.

बॅटरी पॅकला हीच गोष्ट जास्त धोक्याची. १६ सेलचा लिथियम फॉस्फेट पॅक पूर्ण चार्ज झाला की ५८.४ व्होल्ट, म्हणजे सोळाव्या सेलचे स्वतःचे ३.६५ असले तरी तो बसलाय जवळपास ५५ व्होल्टांवर. आधीचा रिले सुटायच्या आत पुढचा लागला तर तेवढे व्होल्टेज कॉन्टॅक्टमधून शॉर्ट. कॉइलवरचा डायोड रिले सुटायला उशीर लावतो हे विसरू नका, आणि कॉन्टॅक्ट चिकटलाच तर तुमचा प्रोग्रॅम काय करणार? म्हणून प्रत्येक सेन्स (मोजणीच्या) वायरमध्ये, सेलच्या अगदी जवळ, १० किलोओहमचा रेझिस्टर. दोन चॅनल एकदम लागले तरी करंट ३ मिलिअँपियरच्या आत राहतो. एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) आधी बफर (सिग्नलवर भार न टाकता तो पुढे देणारी चिप) मात्र लागेल. हा रेझिस्टर नसलेला लॉगर मी पॅकला जोडत नाही, कितीही घाई असो.

४. रिले कुठला
निळ्या डब्बीचं १० अँपियरचं मॉड्यूल नको. त्याच्या चांदीच्या कॉन्टॅक्टवर थर चढतो, मोठा करंट तो जाळून टाकतो, मिलिव्होल्टला ते जमत नाही. सोन्याचा मुलामा असलेला सिग्नल रिले घ्या, आणि त्यावर गंमत म्हणून बल्ब किंवा मोटार चालवून बघू नका, सोनं एकदा उडालं की तो रिले मिलिव्होल्टसाठी संपला. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात घेत असाल तर पाय नीट बघा, जुन्या सोल्डरची चमक दिसली तर तो वापरून काढलेला आहे, परत ठेवा.

लॅचिंग रिले (एकदा लागला की वीज न देता तसाच राहणारा) मिळाला तर तोच. कॉइलला फक्त पल्स लागतो, त्यामुळे रिले गरम होत नाही. ही उष्णता क्षुल्लक नाही बरं का: के टाइप एका डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं, आणि रीड रिलेचे (काचेच्या नळीत पातळ पट्ट्या असलेला रिले) निकेल-लोखंडाचे पाय जिथे तांब्याला भेटतात तिथे गरम-थंड फरक पडला की आपोआप दुसरं थर्मोकपल तयार होतं. २० मायक्रोव्होल्टची चूक म्हणजे अर्धी डिग्री गेली. फोटोमॉसमध्येही एलईडी गरम होतोच, शिवाय बंद असलेल्या सगळ्या चॅनलांची लीकेज एकाच लाइनवर जमा होते, पॅनल तापलं की आणखी, त्यामुळे १० किलोओहमच्या थर्मिस्टरला (तापमानाने बदलणारा रेझिस्टर) तो लावताना विचार करा.

५. वेग
भारतात सप्लाय ५० हर्ट्झ, त्याचा नॉइज (रीडिंगमधली थरथर) मारायचा तर एडीसीला निदान २० मिलिसेकंद मोजावं लागतं. म्हणजे रिलेचे ५ मिलिसेकंद वाचवून मिळवलं काय? जुना सोडा, १० थांबा, नवा लावा, आणखी १० थांबा, मग मोजा, सोळा चॅनल पाऊण सेकंदात होतात. डेल्टा-सिग्मा एडीसी (अनेक सॅम्पल गाळून एक आकडा देणारी) असेल तर बदलानंतरचं पहिलं रीडिंग फेकून द्या. वेगासाठी रिले सोडायचा तर सेकंदाला शंभरेक चॅनल हवेत तरच.

६. आयुष्य
दर सेकंदाला एक फेरी म्हणजे चॅनलमागे दिवसाला ८६,४०० वेळा टकटक, १ कोटी वेळा चालेल एवढं आयुष्य असलेला रिले चार महिन्यांच्या आत संपतो. तेच दर १० सेकंदांनी केलं तर तीन वर्षं. भट्टीचं तापमान सेकंदाला बघून करायचंय काय? ३४९७०ए सारखा बेंचवरचा लॉगर प्रत्येक रिले किती वेळा लागला ते कार्डातच साठवून ठेवतो, आपण बनवलेल्या लॉगरमध्येही तो आकडा ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) लिहा.

७. तपासणी
एका चॅनलला दीड व्होल्टचा सेल लावा, पुढचं पूर्ण मोकळं सोडा, त्याच्या पुढचं तांब्याच्या तारेने शॉर्ट करा आणि तासभर चालवा. मोकळ्या चॅनलवर आधीच्या सेलचं व्होल्टेज भुतासारखं दिसेल, ते लाइनच्या कपॅसिटरवर उरलेलं असतं, म्हणून तुटलेलं थर्मोकपल शेजाऱ्याचं तापमान दाखवत राहतं. त्यावर उपाय म्हणजे दोन चॅनलांच्या मध्ये लाइन एका जास्तीच्या शॉर्ट चॅनलवर नेऊन रिकामी करायची. शॉर्ट चॅनल ५ मायक्रोव्होल्टच्या वर सरकत असेल तर झाकण लावू नका, आधी उष्णता कुठून येतेय ते शोधा.