पीपीटी मेल करताय? या चुका टाळा (माझ्यासाठी तरी)

आमच्या कॉलेजात नॅकची (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची) टीम येणार म्हटलं की सगळ्या विभागांच्या पीपीटी, म्हणजे पॉवरपॉइंटच्या फाइल्स, माझ्या इनबॉक्सात यायला हव्यात, पण निम्म्या येतच नाहीत आणि वर फोन येतो, "अहो, मी कालच पाठवलीय, तुम्ही बघितलीच नसेल." कालच पाठवलीय म्हणजे सेंड दाबून लगेच लॅपटॉप मिटला आणि मेल बसलाय आउटबॉक्सात. नाहीतर परत आलाय. मेलर-डेमन नावाने जे इंग्रजी पत्र येतं ते व्हायरस समजून डिलीट करू नका हो, का परत आला ते त्यातच लिहिलेलं असतं.

बहुतेक वेळा कारण एकच, साइज. जीमेलची मर्यादा 25 एमबी, माझी फाइल 24 ची, मग बसेल की! दरवेळी नाही बसत. ईमेल मुळात साध्या अक्षरांसाठी बनलाय, त्यामुळे अटॅचमेंट जाताना अक्षरांमध्ये बदलली जाते आणि 3 बाइटचे 4 होतात, म्हणजे 18 ची फाइल वाटेत 24 ची होते. त्यात समोरच्या ऑफिसच्या सर्व्हरची मर्यादा 10 सुद्धा असू शकते. म्हणून 10 च्या वर गेली की मी अटॅच करतच नाही, गूगल ड्राइव्हची लिंक देतो. लिंकची परवानगी उघडी केलीय का ते आधी बघा, नाहीतर रात्री अकराला रिक्वेस्ट ॲक्सेस येत बसतात.

झिप करून काही होत नाही. पीपीटीएक्स (आजच्या पॉवरपॉइंटची फाइल) ही मुळातच झिप असते. खोटं वाटत असेल तर कॉपी करून तिच्या नावातलं शेवटचं पीपीटीएक्स काढून तिथे झिप लिहा आणि उघडा, आत मीडिया फोल्डरमध्ये मोबाइलचे 5-5 एमबीचे फोटो सापडतील. कोपरा ओढून फोटो लहान केला म्हणजे तो हलका झाला असं नसतं! फोटोवर क्लिक, पिक्चर फॉरमॅट, कॉम्प्रेस पिक्चर्स, तिथली 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर'ची टिक काढा (हीच सगळे विसरतात), रिझोल्यूशन 150 पीपीआय निवडा, झालं. क्रॉप केलेला भाग डिलीट करायची टिकही तिथेच आहे, ती ठेवा, नाहीतर ग्रुप फोटोतून कापलेले सर समोरच्याला एका क्लिकवर परत दिसतात.

आता फॉन्ट. मराठी विभागाच्या मॅडमनी पीपीटी वेळेत पाठवली, 6 एमबी, मी खूश. सकाळी सेमिनार हॉलच्या पीसीवर उघडली तर शीर्षकाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. टीम शेजारच्या खोलीत चहा घेतेय आणि मॅडम म्हणतायत, व्हायरस आला. व्हायरस कसला, जुना बिगर-युनिकोड फॉन्ट! युनिकोडमध्ये मराठी अक्षराला स्वतःचा कोड असतो, यात मात्र आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं सोंग देतो, आणि तो फॉन्ट त्या पीसीवर नसला की सोंग उतरतं. नुसता मंगल हा युनिकोड फॉन्ट लावूनही काही होत नाही, मजकूर कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. शेवटी मी तीन मजले धावत वर गेलो, त्यांच्याच पीसीवर पीडीएफ केली आणि पेन ड्राइव्ह घेऊन खाली आलो, तोवर टीम खुर्च्यांवर बसली होती.

तेव्हापासून माझा हट्ट, टायपिंग युनिकोडमध्येच आणि पीपीटीसोबत पीडीएफ हवीच. फॉन्ट एम्बेड करायची, म्हणजे फाइलमध्येच बसवायची, सोय ऑप्शन्समध्ये सेव्हखाली आहे, पण मोबाइलवर तिचा भरवसा नाही. पीडीएफमध्ये ॲनिमेशन जातं. जाऊ दे, गरगर फिरणारं शीर्षक कुणाला बघायचंय.

व्हिडिओ आत टाकू नका, लिंक द्या. फाइल सेव्ह न करता अटॅच केली की कालचीच जाते. 'फायनल', 'फायनल 2', 'फायनल खरी' असली नावं ठेवू नका, तारीख टाका. आणि "सोबत जोडली आहे" लिहून काहीच न जोडणारे दर आठवड्याला एक तरी भेटतात, त्यांनी आधी फाइल जोडावी, मग मजकूर लिहावा, आणि पत्ता सगळ्यात शेवटी टाकावा.