संयुक्त प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी एक पान लिहून घ्या

परदेशी विद्यार्थ्यांबरोबर प्रकल्प करताना अभियांत्रिकीच्या गटांत भाषेपेक्षा जास्त घोटाळा आकड्यांचा आणि ‘हो’ या शब्दाचा होतो. आमच्या जर्मन सहकाऱ्याने भार ‘१.२५० न्यूटन’ असा लिहिला होता. आम्ही तो सव्वा न्यूटन धरला, त्याच्या मनात मात्र साडेबाराशे होते, आणि आठवडाभराची आकडेमोड वाया गेली.

१. पहिल्याच बैठकीत एकके, दशांशचिन्ह आणि तारखेची पद्धत एका पानावर लिहून सर्वांना पाठवावी. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात, तर अमेरिकेत ०५/०६ म्हणजे ५ जून नव्हे, ६ मे. म्हणून ५ जून ही तारीख २०२६-०६-०५ अशी वर्षापासून लिहावी. लाख-कोटी टाळावेत.

२. ‘समजलं का?’ असे विचारू नये, कारण संकोचामुळे किंवा मान राखण्यासाठी अनेक जण ‘हो’ म्हणतात, आणि आपणही प्राध्यापकांसमोर तेच करतो. त्याऐवजी ‘तू यातलं आधी काय करणार आहेस?’ असे विचारावे. उत्तरातून गैरसमज तिथल्या तिथे उघड होतो.

३. बैठकीनंतर ठरलेल्या गोष्टी तीन-चार ओळींत लिहाव्यात, आणि हे काम दर वेळी वेगळ्या सदस्याकडे द्यावे. माझ्या मते सर्वांत उपयोगी पडते ते हेच, कारण बैठकीत गप्प बसणारा सदस्यही लिहिताना नेमकी शंका विचारतो.

मात्र हे पान केवळ उत्तम इंग्रजी बोलणाऱ्यावर सोपवू नये. नाहीतर त्याच्याच सवयी सर्वांचे नियम होऊन बसतात.