धोरणाचा पहिला मेमो लिहिताना

सार्वजनिक धोरण आणि नेतृत्वाच्या प्राथमिक कोर्सचे ट्यूटोरियल मी घेते आणि मेमोही, म्हणजे निर्णय घेणाऱ्याला एखाद्या प्रश्नावर उपाय सुचवणारी टिपणंही, मीच तपासते. मार्क जातात ते बहुतेक पहिल्याच परिच्छेदात, कारण प्रश्न मांडायच्या आधीच मुलं उत्तर ठरवून बसलेली असतात.

‘रुग्णालयात डॉक्टर कमी आहेत’ हे वाक्य घ्या. दिसायला प्रश्न, पण त्याच्या पोटात उपाय आहे: डॉक्टर भरा. मग उरलेली पानं भरतीची वकिली करण्यात जातात. त्याऐवजी ‘बाह्यरुग्ण विभागात आलेल्यांना तपासणीसाठी तासन्‌तास ताटकळावं लागतं’ असं लिहून बघा. लगेच कारणं शोधायला वाव मिळतो. नोंदणीची एकच खिडकी उघडी असेल. सगळ्यांना सकाळी एकाच वेळी बोलावलं जात असेल. रक्ताचा रिपोर्ट दुपारशिवाय हातात येत नसेल. कोणाला, कुठे, किती आणि कधीपासून, एवढं आलं की प्रश्न मांडून झाला. ‘अभाव’, ‘कमतरता’, ‘गरज’ यातला शब्द लिहिलात की ते वाक्य पुन्हा वाचा.

पर्याय तीन-चार पुरेत. त्यात ‘आहे तसंच चालू द्यायचं’ हा एक हवाच, नाहीतर बाकीच्यांची तुलना कशाशी करणार? खर्च, परिणाम, न्याय्यता, अंमलबजावणी हे निकष आधी ठरवा आणि मगच पर्याय तोला. उलट केलं की आवडत्या पर्यायाला सोयीचे निकष निघतात, आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.

प्रत्येक पर्यायापुढे ‘लोक यातून पळवाट कशी काढतील?’ हे लिहायला मी भाग पाडते. मेक्सिको सिटीत १९८९ साली हवा सुधारावी म्हणून नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यानुसार आठवड्यातून एक दिवस गाडी वापरायला बंदी आली. अनेकांनी सरळ दुसरी गाडी घेतली, तीही बऱ्याचदा जुनी, जास्त धूर सोडणारी. आपल्या रुग्णालयात ठरावीक वेळेचं टोकन दिलं तर? दहाचं टोकन असलेला माणूस आठलाच येऊन उभा राहील, कारण वेळ पाळली जाईल यावर त्याचा विश्वास नाही. हे मेमोत आलं की मी खूश.

नेतृत्वाचा भाग मुलं ‘नेत्याकडे दूरदृष्टी हवी’ छापाच्या वाक्यांनी भरतात. ती खोडा. नेतृत्वाचे अभ्यासक रोनाल्ड हायफेट्झ यांचा मुद्दा जास्त कामाचा आहे: लोकांचा विरोध बदलाला नसतो, त्यातून होणाऱ्या नुकसानीला असतो. तेव्हा संबंधितांची यादी करा आणि प्रत्येकापुढे त्याचं काय जाणार ते लिहा. नोंदणी तासभर आधी सुरू करायची तर खिडकीवरच्या लिपिकाची सकाळ जाते. त्याला विचारलंच नाही, तर कागदावर खिडकी सातला उघडेल आणि प्रत्यक्षात आठला.

विरोध मोठा असेल तर आधी प्रयोग सुचवता येतो. स्टॉकहोममध्ये रस्त्यांवरची गर्दी कमी व्हावी म्हणून गाड्यांवर ‘गर्दीचा कर’ २००६ साली जानेवारी ते जुलै असा तात्पुरता लावला, सप्टेंबरमध्ये सार्वमत घेतलं. आधी विरोधात असलेलं जनमत रस्ते मोकळे झालेले बघून बरंच पालटलं, शहराने कौल दिला आणि २००७ मध्ये कर कायम झाला. राज्यशास्त्राचे अभ्यासक चार्ल्स लिंडब्लॉम यांनी १९५९ साली मांडलेली, थोडंथोडं बदलत पुढे सरकण्याची कल्पना इथे वापरा. नुसती नावं टाकायला म्हणून सिद्धांत आणू नका, त्याला मार्क नाहीत.

शिफारस पहिल्या दोन ओळींत द्या. ज्याच्यासाठी लिहिताय तो कदाचित तेवढंच वाचेल. आणि तो कोण, हे सगळं लिहून झाल्यावर एकदा तपासा. खिडकीची वेळ रुग्णालयाचे अधीक्षक बदलू शकत असतील, तर मेमो आरोग्यमंत्र्यांच्या नावे कशाला? वरचं नाव बदला, मग जमा करा.