जर्मनीत शिकायला जाताय? खाण्यापिण्यातल्या आणि माणसं जोडण्यातल्या या चुका टाळा

स्टुटगार्टमधला माझा पहिला आठवडा. चार विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेलं घर, इथल्या भाषेत वे-गे. घरातल्या एकीने पास्ता केला आणि मला विचारलं, "तुलाही वाढू?" मी हसून म्हटलं, "डांके." ती म्हणाली, "बरं," आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. मी खुर्चीत बसून राहिले, कारण ती पुन्हा विचारेल याची मला खात्री होती. ती शांतपणे जेवली, ताट धुतलं आणि खोलीत गेली. त्या रात्री मी बिस्किटं खाऊन झोपले.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. जर्मनीत कुणी खायला देऊ केलं आणि तुम्ही नुसतं 'डांके' म्हणालात, तर त्याचा अर्थ 'नको, आभारी आहे' असा होतो. हवं असेल तर "या, गेर्ने" म्हणायचं, म्हणजे 'हो, आवडेल'. आपल्याकडे पहिला 'नको' कुणी खरा मानत नाही, आग्रह होतो, मग आपण "बरं, थोडंसंच" म्हणतो. इथे पहिलंच उत्तर शेवटचं. समोरच्याच्या 'नको'चा मान राखणं हीच त्यांची आदब आहे. हे दोन शब्द विमानात बसण्याआधी पाठ करा.

नव्याने येणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. घर लांब असल्याचं दुःख आधी जेवणातून जाणवायला लागतं. म्हणून मी स्वयंपाकघरापासूनच सांगते.

बॅग भरताना

आईने प्रेमाने दिलेला तुपाचा डबा, पेढे, बर्फी घरीच राहू द्या. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. कस्टमवाल्यांनी बॅग उघडली तर सगळं कचऱ्यात जातं. ताजा कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही आणू नका, त्यांना रोपांच्या आरोग्याचा दाखला लागतो. तुपाची चिंता नको. बुटरश्माल्त्स नावाने मिळतं ते कढवलेलं लोणीच असतं.

डाळ-तांदळाने वजन भरवणं ही दुसरी चूक. तुर्की दुकानात मसूर, हरभरे, कोथिंबीर, पुदिना, भेंडी सगळं मिळतं, आणि तूरडाळ-पोह्यांसाठी मोठ्या शहरांत भारतीय दुकानं आहेत. बॅगेत जागा द्यायची ती गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, हिंग आणि घरच्या तिखटाला. मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या भोजनालयात, कधी साखर-दालचिनी घातलेला गोड दूधभात हेच मुख्य जेवण असतं. त्या दिवशी घरी जाऊन मेतकूट-भात खाता आला की जीव थाऱ्यावर येतो.

पोळी चिवट, डाळ कच्ची

पोळी चिवट होते कारण तुम्ही ४०५ नंबरचं पीठ आणलंत. हा आकडा म्हणजे १०० ग्रॅम पिठात किती मिलिग्रॅम खनिजं उरतात त्याचं माप. कोंडा जितका जास्त काढलेला, तितका आकडा लहान. ४०५ म्हणजे आपला मैदाच. १०५० नंबरचं पीठ आणि फोलकोर्न, म्हणजे अख्ख्या गव्हाचं पीठ, निम्मं-निम्मं घ्या, कोमट पाण्यात सैलसर भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. नुसतं फोलकोर्न घेतलंत तर पोळी लाटताना कडा फाटतात.

डाळ शिजत नसेल तर किटलीच्या तळाशी बघा. पांढरा थर असेल तर पाणी जड आहे, आणि जड पाण्यात डाळ लवकर मऊ होत नाही. डाळ रात्रभर भिजवा, किंवा पाणी एकदा उकळून, निवळून वापरा. अगदीच अडलं तर चिमूटभर खायचा सोडा. आमसूल डाळ पूर्ण शिजल्यावरच घाला. भारतातून अॅल्युमिनियमचा कुकर आणणार असाल तर आधी घरमालकाला विचारा. शेगडी इंडक्शनची असेल तर तो तापणारच नाही.

सुपरमार्केट रविवारी बंद. उघडं असतं ते स्टेशनातलं एखादं दुकान, पेट्रोल पंप आणि काही तास बेकरी. रविवारच्या विश्रांतीला १९१९ च्या वायमार राज्यघटनेत संरक्षण दिलं होतं आणि आजच्या घटनेतही ते कायम आहे, त्यामुळे हे बदलेल अशी आशा धरू नका. शनिवारी संध्याकाळीच दूध-भाजी भरा.

फोडणी

याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण घरातले संबंध इथेच बिघडतात. झोपायच्या खोल्यांमध्ये धुराचा भोंगा बसवणं जर्मनीत बंधनकारक आहे. एका खोलीच्या घरात तोच कोपरा स्वयंपाकाचा असतो, म्हणजे भोंगा थेट तुमच्या फोडणीच्या डोक्यावर. माझ्या मैत्रिणीच्या खोलीत रात्री सव्वादहाला ठेच्यासाठी मिरच्या भाजताना तो वाजला आणि अख्खा मजला जिन्यात येऊन उभा राहिला. रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ असते, त्यामुळे तिला दुसऱ्या दिवशी दार ठोठावून प्रत्येकाची माफी मागावी लागली.

भोंग्यावर पिशवी बांधू नका. जीव वाचवणारी वस्तू आहे ती. तेल धूर येईपर्यंत तापवू नका. मोहरीचा एक दाणा टाकून बघा, तडतडला की पुरे. तिखट गॅस बंद केल्यावर घाला. खिडकी किलकिली ठेवून उपयोग नाही, सताड उघडा, पाच-दहा मिनिटं, हिवाळ्यातसुद्धा. आणि फोडणीआधी सगळ्यांचे कोट स्वयंपाकघराजवळून हलवा. लोकरीच्या कोटात हिंगाचा वास बसला की तो आठवडाभर जात नाही, आणि तो कोट घालून तुमची शेजारीण परीक्षेला जाणार असते.

कुकरच्या शिट्टीबद्दलही घरात आधी सांगून ठेवा. इथले कुकर शिट्टी मारत नाहीत, माणसं खरोखर घाबरतात.

शाकाहारी असाल तर

"मांस नको" एवढं सांगणं पुरत नाही. बटाट्याच्या परतलेल्या भाजीत श्पेक, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, येऊ शकतात, आणि वाढणाऱ्याला तो 'मांसाहार' वाटेलच असं नाही. "श्पेकही नको, मासेही नको" असं नाव घेऊन सांगा. स्टुटगार्टकडची माउलटाशन करंजीसारखी दिसते, पण आत पालकाबरोबर मांस असतं. शाकाहारी प्रकार वेगळा मागावा लागतो. जेलीच्या गोळ्यांच्या पाकिटावर जिलेटिन वाचा.

ताट खोलीत नेऊ नका

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. दमून येतो, भात-वरण करतो, ताट खोलीत नेतो, लॅपटॉपवर घरच्यांशी बोलत जेवतो. पहिला महिना बरं वाटतं. डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला अंधार पडायला लागला की ध्यानात येतं, आपण चार दिवसांत कुणाशी समोरासमोर बोललेलोच नाही. मी स्वतः त्यातून गेलेय. घरच्यांना फोन जरूर करा, पण जेवणानंतर. जेवताना टेबलावर बसा, भाषा तोडकी-मोडकी असली तरी. दुपारी डबा असला तरी वर्गातल्यांबरोबर मेन्सात जा.

"कधीतरी भेटू" म्हणून सोडून दिलंत तर भेट होत नाही. वार आणि वेळ सांगा, ते डायरीत लिहितात आणि ठरल्या वेळी येतात. तुम्हीही सातला म्हणजे सातलाच पोचा. "काय आणू?" हे आधी विचारा. हॉटेलात वेटर 'एकत्र की वेगळं' विचारतो तेव्हा सगळ्यांचं बिल हट्टाने भरू नका. आपल्याला ती माया वाटते, पण त्यांना ओझं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पैसे परत येतात. तोच पैसा घरी रांधून जेवू घालण्यात घाला, ते मनापासून स्वीकारलं जातं.

वाढदिवसाला आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, इथे तो अपशकुन मानतात. आणि केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा असतो. तुमच्या वाढदिवसाला सगळे विसरले असं समजून रडत बसण्याआधी हे माहीत असू द्या.

केकऐवजी श्रीखंड न्या. चाळीस टक्केवाला क्वार्क म्हणजे जवळजवळ तयार चक्काच. अर्धा किलो क्वार्क फडक्यात बांधून दोन-तीन तास फ्रीजमध्ये टांगा, दोनशे ग्रॅम पिठीसाखर घालून गाळणीतून घोटून काढा, वेलची, जायफळ आणि चमचाभर दुधात भिजवलेलं केशर घाला. छोट्या वाट्यांत वाढा. दुसरी वाटी हवी का, हे एकदाच विचारा. "डांके" म्हणाले तर पातेलं पुढे सरकवू नका.